पहिल्या कपातीआधीची खिडकी

गौतमभाऊ,

तुमच्या पुण्यानुमोदनाला घरासमोरच्या मांडवात पाच-सहा जण बोलले. प्राचार्य बोलले, तुमचे मेहुणे बोलले, आपल्या विभागातले दोघं बोलले. सगळ्यांनी सांगितलं की तुम्ही शांत होतात, मनमिळाऊ होतात, कधी कुणाला उलटून बोलला नाहीत. मी मागच्या रांगेत कूलरशेजारी बसले होते. मला वाटलं, ही माणसं दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. चौदा वर्षांत तुम्ही माझं एकही वाक्य सरळ जाऊ दिलं नाही. मला कुणी माइक दिला नाही, आणि मीही हात वर केला नाही. माझ्याकडं सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती मांडवात सांगण्याजोगी नव्हती. मी तुमच्याशी खोटं बोलले होते.

दवाखान्यात तुम्हाला शेवटचं भेटले ती दुपार होती. सुजातावहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. तुम्ही डोळे उघडलेत, मला ओळखलंत, आणि मी तब्येतीचं विचारायच्या आत म्हणालात, "मॅडम, ती ओळ गेली का?"

"गेली," मी म्हणाले.

"जशीच्या तशी?"

"जशीच्या तशी."

"बरं झालं," म्हणालात आणि डोळे मिटलेत.

ती ओळ गेली नव्हती. माझ्या मेलमध्ये, न पाठवलेल्या मजकुरात, तीन आठवड्यांपासून पडून होती.

आता हे लिहायला बसले तर पहिल्याच पानावर तुमची अडचण येते. तुम्ही म्हणाला असतात, "मॅडम, वाचणाऱ्याला कळायलंय का काही? आधी व्याख्या सांगा, मग रडा." म्हणून सांगते.

इंटरनेटवर एक संगणक दुसऱ्याला काही पाठवतो, तेव्हा मधला रस्ता किती भरलेला आहे हे त्याला कुणी सांगत नाही. पाठवणाऱ्यानं अंदाजानं पाठवायचं. माहितीची लहान लहान पाकिटं करायची, आणि एका वेळी किती पाकिटं वाटेत असू द्यायची याचा एक आकडा धरायचा. त्या आकड्याला खिडकी म्हणतात. सगळं नीट पोचतंय तोवर खिडकी वाढवत न्यायची. एखादं पाकीट हरवलं की रस्ता भरला असं समजून ती कमी करायची. या कमी करण्याला आपण दोघं कपात म्हणायचो. हे सगळं कसं करायचं याचे नियम जगभरातली माणसं मिळून लिहितात, मसुदा उघड्यावर ठेवतात, आणि त्यावर कुणीही लिहून हरकत घेऊ शकतं. हा विषय मी अठरा वर्षं शिकवते आहे. ते 'कुणीही' मला कधी खरं वाटलं नव्हतं. तुम्ही, लॅब असिस्टंट म्हणून आलेला डिप्लोमावाला माणूस, तुम्ही ते शब्दशः खरं मानलंत.

शनिवार आपला वाचनाचा दिवस कसा झाला, ते मला आता नीट आठवत नाही. मी कॉलेज सुटल्यावर लॅबमध्ये मसुदा वाचत बसायची, घरी जायची घाई नव्हती म्हणून. पुंडलिकनगरच्या माझ्या दोन खोल्यांत पुस्तकं सोडली तर वाट बघणारं कुणी नव्हतं. तुम्ही कुलूप लावायला थांबलेले असायचात. एकदा मागं उभे राहून वाचलंत आणि एका शब्दावर बोट ठेवून म्हणालात, "हे काय हाय?" मी इंग्रजीतलं वाक्य परत वाचून दाखवलं. "ते मला वाचता येतं," तुम्ही म्हणालात. "मराठीत सांगा. सांगता नाय आलं तर तुम्हालाबी कळलं नाय."

मला सांगता आलं नाही. मी चिडले. दुसऱ्या शनिवारी सांगता आलं, तर तुम्ही प्रश्न वाढवून ठेवले होते. मसुद्यातल्या प्रत्येक चलाला, म्हणजे नियमात ज्याची किंमत बदलत राहते अशा प्रत्येक नावाला, तुम्ही चार गोष्टी विचारायचात. हे कोण मोजतं? कशात मोजतं? कधी बदलतं? आणि एकदम सुरुवातीला काय असतं? चारही उत्तरं एका मराठी वाक्यात बसेपर्यंत पान उलटायचं नाही. बसलेलं वाक्य तुम्ही डेडस्टॉक रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहायचात. पुढून लॅबमधल्या खुर्च्या, पंखे, मॉनिटर, आणि मागून खिडकी, कपात, फेरीला लागणारा वेळ. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी ते रजिस्टर मागून उघडलं आणि बराच वेळ वाचत बसले. "हा कोणता स्टॉक आहे?" त्यांनी विचारलं. "वापरातला हाय साहेब," तुम्ही म्हणालात.

महिन्याला तीन-चार चलं व्हायची. माझ्या कॉलनीत पाण्याचा दिवस शनिवारी आला तर तीही नाही.

आणि मग आपण जे करून बसलो ते फक्त आपणच करू शकलो असतो. मसुद्यातला नियम खरंच चालतो का ते बघायला भंगारात काढलेले तीन संगणक तुम्ही वाचवून ठेवले होते. तुम्ही एकावर स्वतःचा प्रोग्रॅम लिहिलात, मी दुसऱ्यावर माझा. एकच मसुदा, एकच वाक्य, आणि निकाल असे की जणू दोन वेगळे देश. माझी खिडकी उघडायचं नावच घेईना.

"मॅडम, तुमचं कनेक्शन उपाशी मरायलंय," तुम्ही म्हणालात.

"आणि तुमचं गावजेवण घालायलंय," मी म्हणाले. तुमच्यासारखं बोलायला मी तेवढ्यापुरती शिकले होते.

दीड महिना आपण एकमेकांच्या चुका शोधत होतो. मी तुमच्या मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवायची, तुम्ही माझ्या. एका चिठ्ठीवर तुम्ही फक्त 'पुन्हा बघा' लिहिलं होतं, खाली दोन रेघा मारून. शेवटी गेटवरच्या टपरीवर चहा पिताना तुम्ही सहज विचारलंत, "खिडकी किती हाय तुमची?" "दहा." "दहा काय?" मी बाइटमध्ये मोजत होते, तुम्ही पाकिटांत. माझ्या दहात एक पाकीटसुद्धा मावत नव्हतं. मसुद्यात कशात मोजायचं ते लिहिलंच नव्हतं, आणि आपण, जे दोघं दर शनिवारी 'कशात मोजतं' हा प्रश्न मसुद्याला विचारत होतो, त्यांनी तो एकमेकांना विचारला नव्हता. तुम्ही इतके हसलात की टपरीवाल्यानं चहा बघितला, त्यात काही पडलंय का म्हणून.

ती आपली पहिली हरकत. मी इंग्रजीत लिहिली, माझ्या नावानं गेली. उत्तर एका ओळीचं आलं: संदर्भावरून हे स्पष्टच आहे. जगभरच्या लोकांसमोर ती ओळ होती. मी दोन दिवस कुणाकडं बघितलं नाही. तुम्हाला मात्र राग आला नव्हता, मजा वाटली होती.

"संदर्भ कुणाकडं असतो मॅडम? ज्याला आधीच माहीत हाय त्याच्याकडं."

"मोठी माणसं आहेत ती, भाऊ."

"असतील की. पण हे ते स्वतःसाठी लिहायलेत का?"

मग तुम्ही सोयगावकडचं सांगितलंत. तुमच्या वस्तीत पहिला संगणक आला तो समाजमंदिरात, एका संस्थेनं दिलेला, आणि त्याच्यासोबत एक पुस्तक. शिकवायला कुणी आलं नाही. तुम्ही ते पुस्तक एकट्यानं वाचलंत. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'नेहमीच्या पद्धतीनं सुरू करा.' नेहमीची पद्धत कोणती, ते कुठंच नव्हतं. तीन दिवस तुम्ही त्या यंत्रासमोर बसून होतात, चुकीचं बटण दाबलं तर समाजाची वस्तू खराब होईल म्हणून हात न लावता. "वाचणारा एकटा असतो, मॅडम," तुम्ही म्हणालात. "त्याच्या बाजूला तुम्ही नसता. मी नसतो. जे कागदावर नाय ते त्याला नाय."

मी त्यानंतर वर्गात शिकवायची ते थोडं वेगळं शिकवायला लागले. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आभार मानायची तुमच्यासमोर सोय नव्हती. तुम्ही लगेच विचारलं असतं, कशाबद्दल, किती.

आता त्या ओळीबद्दल.

यंदाच्या मसुद्यात एक चल होतं. त्याची व्याख्या अशी दिली होती: शेवटच्या कपातीच्या लगेच आधीची खिडकी. सगळा नियम त्या आकड्यावर उभा. खिडकी जुन्या आकड्याच्या खूप खाली असेल तर भरभर वाढायचं. त्याच्या जवळ आलं की हळू व्हायचं, कारण मागच्या वेळी इथंच काहीतरी हरवलं होतं. तो ओलांडून पुढं गेलं की पुन्हा वेग घ्यायचा, कारण आता नवी जागा शोधायची आहे. तुम्ही तुमच्या चौथ्या प्रश्नावर अडलात.

"पहिली कपात व्हायच्या आधी हिच्यात काय असतं?"

"शून्य," मी म्हणाले.

"कुठं लिहिलंय?"

"लिहायची गरज काय? सगळे शून्यच धरतात."

"सगळे म्हणजे कोण? मी नाय धरत."

"अहो भाऊ, काही ठेवलंच नसेल तर शून्यच असणार ना."

"नाय मॅडम. शून्य म्हणजे मोजलं अन् काही नाय निघालं. इथं मोजलंच नाय."

मला तो शब्दांचा कीस वाटला. तुम्ही तीन यंत्रांवर मांडून दाखवलंत. कधीकधी एकही पाकीट न हरवता, फक्त उशीर वाढतोय हे बघून पाठवणारा सुरुवातीची दुप्पट-दुप्पट वाढायची धाव थांबवतो आणि या नियमानं वाढायला लागतो. अशा वेळी जुना आकडा शून्य धरला, तर नियमाला वाटतं की जुनी मर्यादा आपण केव्हाच, फार मागं टाकली. मग तो मोकळ्या माळावर सुटल्यासारखा धावतो, आणि त्याच रस्त्यावरच्या शेजाऱ्याचा श्वास कोंडतो. तुम्ही काढलेला आलेख माझ्यासमोर ठेवलात. वर चढणारी एक रेघ, आणि तिच्याखाली जमिनीला टेकलेली दुसरी.

"हे कितीदा घडतं?" मी विचारलं.

"एकदा घडलं तरी शेजारच्याचं काम बंद पडायलंय की."

मी म्हणाले, हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या शहाणपणाचा भाग आहे, मसुद्यात घालायचा नाही. आठवडाभर आपण कामापुरतं बोललो. पुढच्या शनिवारी तुम्ही रजिस्टर माझ्यासमोर उघडून ठेवलंत. त्यात लिहिलं होतं: पहिली कपात होईपर्यंत या चलाला किंमत नसते. ती शून्य नसते. तशा अवस्थेत वाढ सुरू करायची वेळ आली तर आत्ताची खिडकीच जुनी समजावी.

वाक्य चांगलं होतं. मी हरले होते, पण तसं म्हणाले नाही. इंग्रजीत उतरवायला बसले आणि माझ्या सवयीनं सुरुवात केली: कदाचित हे विचारात घेणं उपयुक्त ठरू शकेल. तुम्ही खांद्यावरून वाचत होतात.

"मॅडम, लई गोडगोड लिहायलात. अन् 'ती शून्य नसते' कुठं गेलं?"

"ते त्यात येतंच."

"येत नाय. ते ठेवा."

"ठेवते," मी म्हणाले.

नंतर तुमची तब्येत बिघडली. मी तो मजकूर कितीदा उघडला असेन. पाठवायच्या बटणापर्यंत जायची आणि ती एका ओळीची जुनी चपराक आठवायची. संदर्भावरून स्पष्टच आहे. मग बंद करायची. तुम्ही विचारलंत त्या दुपारी मी खरं सांगू शकले असते. 'भीती वाटतेय, भाऊ' एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही बिछान्यातूनही हसला असतात आणि मी दवाखान्याच्या जिन्यात बसून पाठवून टाकलं असतं.

तुम्ही गेल्यावर मसुद्यावरच्या हरकतींना थोडेच दिवस उरले होते. पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी सोमवारी मी ते पाठवलं. पण काय पाठवलं ते ऐका. तुमची ओळ नाही पाठवली. माझा तो गोड मजकूर पाठवला. रडून रडून दमलेल्या माणसाला धीर आलेला असतो असं म्हणतात, मला तो आला नव्हता. 'ती शून्य नसते' मी त्यातून पुन्हा काढून टाकलं होतं. 'सुरुवातीची किंमत स्पष्ट केल्यास बरं होईल' अशा अर्थाचं काहीतरी होतं.

मसुदा सांभाळणाऱ्यांनी बुधवारी उत्तर दिलं. सूचनेबद्दल आभार मानले आणि दुरुस्ती करून टाकली. व्याख्येला तीन शब्द जोडले: सुरुवातीला शून्य असते.

गौतमभाऊ, मी ते वाचलं तेव्हा लॅबमध्ये एकटी होते. आधी मसुदा गप्प होता. माझ्या सौजन्यामुळे तो आता चुकीचं बोलत होता. तुमच्या हरकतीवर मी तुमच्याच विरुद्धचं वाक्य त्यात घालून ठेवलं होतं, आणि दोन दिवसांनी मुदत संपल्यावर ते कायमचं झालं असतं.

तुमच्या खुर्चीकडं बघायची सोय नव्हती. तिथं नवीन माणूस अजून आलेला नाही, पण कुणीतरी तिच्यावर प्रिंटरची खोकी ठेवली आहेत. मनात एक उपमाही येऊन गेली, पाठवलेल्या पण पोचपावती न आलेल्या पाकिटाची. ती इथं लिहिणार होते. मग तुमचा आवाज आला: "पाकीट हरवलं की परत पाठवता येतं, मॅडम." खोडून टाकली.

रजिस्टर मागून उघडलं. तुमची तीन वाक्यं समोर ठेवली आणि एकेक शब्द इंग्रजीत नेला. काही वाढवलं नाही, काही झाकलं नाही. सुरुवातीलाच लिहिलं की केलेली दुरुस्ती चूक आहे, आणि ती माझ्या अस्पष्ट लिहिण्यामुळे झाली आहे. चूक हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसांना लिहिला. तुमचा आलेख जोडला. शेवटी लिहिलं की ही चाचणी माझ्या सहकाऱ्यानं केली होती, तो आता नाही, त्याबद्दलच्या प्रश्नांना जमेल तशी उत्तरं मी देईन. तुमचं पूर्ण नाव लिहिलं. बटण दाबलं.

गुरुवारी काही आलं नाही. मी दोन तास शिकवले, काय शिकवलं माहीत नाही. दुपारी डबा उघडला, तर सवयीनं लोणच्याची डबी मधोमध, तुमचा हात पोचेल अशी ठेवली. गुरुवार संपला.

शुक्रवारी अकराच्या सुमारास कुणा दूरदेशीच्या अनोळखी माणसाचं उत्तर आलं. त्यानं तुमची चाचणी त्यांच्या यंत्रांवर चालवून बघितली होती. हा नियम त्यांच्याकडं आधीपासूनच चालत होता, आणि त्यात कित्येक वर्षं शून्यच होतं. शेजारचं कनेक्शन जमिनीला टेकलं, असं त्यानं लिहिलं होतं. ते आता बदलतायत. त्याच्यापाठोपाठ मसुदा सांभाळणाऱ्यांचं आलं: वाक्य दिलं तसं घेत आहोत. त्यांनी उतरवून घेतलेलं वाक्य मी तीनदा वाचलं. 'ती शून्य नसते' होतं.

माझ्यासमोर साठ मुलांचं प्रॅक्टिकल चालू होतं. लॅबमध्ये एवढा गलका, आणि हे कळेल असं त्यात कुणी नव्हतं. या शहरात कुणी नव्हतं. चौदा वर्षं मला वाटत होतं की मी एकटी राहते आणि मला ते जमतं. मला ते शनिवारांमुळे जमत होतं.

रविवारी मी पडेगावला तुमच्या घरी गेले. सुजातावहिनी ओट्यावर अंगणवाडीची रजिस्टरं पसरून बसल्या होत्या. पंधरा दिवसांचं काम तुंबलेलं होतं, मदतनीस बाईंनी जमेल तशी वजनं घेऊन ठेवली होती आणि वहिनी ती उतरवत होत्या. मला बघून उठायला लागल्या. मी खालीच बसले. चहा नको म्हटलं, तरी झाला. मग मी त्यांना सगळं सांगितलं. ओळ गेली हे, आणि तेव्हा गेली नव्हती हेही.

वहिनींनी हातातलं वजन उतरवून पूर्ण केलं. मग म्हणाल्या, "तुम्ही गेली म्हणाल्यावर ते निवांत झोपले हो, मॅडम. त्या दिवशी पहिल्यांदा झोपले. बरंच केलं तुम्ही."

त्या मला सूट देत होत्या. तुम्ही दिली नसतीत. मला तुमच्याकडून हवं आहे ते त्यांच्याकडून घेता येत नाही, म्हणून ते मी तसंच ठेवून आले आहे.

"काय होतं पण त्या ओळीत?" त्यांनी विचारलं. "मला सांगायचे ते. जेवताना सांगायचे. मी म्हणायची, तुमचं तुमच्यापाशी ठेवा, माझे रजिस्टर राहिलेत भरायचे." त्यांनी पदरानं डोळे पुसले नाहीत, फक्त पेन खाली ठेवलं. "आता सांगा."

मी सांगायला लागले. खिडकी, पाकिटं, कपात. इंग्रजी शब्द एक वापरला नाही. मागची खिडकी किती होती ते लक्षात ठेवायचं आणि त्यावरून पुढं किती वाढायचं ते ठरवायचं, इथपर्यंत आले. मग अजून एकदाही कपात झाली नसेल तर मागच्या खिडकीच्या जागी काय लिहायचं, हे विचारलं. मला वाटलं होतं, इथं थांबून समजवावं लागेल.

"आडवी रेघ मारायची," वहिनी म्हणाल्या.

"शून्य नाही?"

"शून्य कसं लिहाल?" त्यांनी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. पोरांची नावं, मागच्या महिन्याचं वजन, या महिन्याचं वजन. "हे बघा, ही पोरगी नवीनच नाव घातलेली. मागचं वजन घेतलंच नाही तिचं. रेघ. शून्य लिहिलं तर सुपरवायझर बाई म्हणतील, पोरीचं वजन शून्य होतं का काय? अन् शून्यावरून सहा किलो झालं म्हणल्यावर काय वाढलं म्हणायचं, डोंगर?"

मी हसले. बऱ्याच दिवसांनी. वहिनीही हसल्या, आणि मग लगेच आत बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून.

"एवढंच होतं व्हय?" त्या म्हणाल्या.

"एवढंच होतं."

"मग हे त्या लोकांना कळंना?"

"मलाही कळत नव्हतं, वहिनी. मी आठवडाभर भांडले त्यांच्याशी."

त्यांनी पेन उचललं, दोन वजनं उतरवली, आणि तिसऱ्या नावावर थांबल्या. मला वाटलं, आकडा लागत नसेल. त्या नावाखाली बोट तसंच ठेवून त्यांनी विचारलं, "हे पोर बघा. आई-बाप ऊसतोडीला गेले, चार महिने आलंच नाही. परवा आलं. आता ह्याचं मागचं वजन कोणतं धरायचं? चार महिन्यांपूर्वीचं हाय माझ्याकडं. पण ते पोर आता ते राहिलं का? का नव्यानंच रेघ मारायची?" मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमच्यात काय करतात? मधी लई दिवस काही पाठवलंच नाही, अन् परत सुरू केलं, तर ती जुनी खिडकी धरायची का सोडायची?"

हा प्रश्न आपल्या रजिस्टरमध्ये नाही, भाऊ. तुमच्या चारांत तो बसत नाही. तुम्हाला तो सुचला नव्हता आणि मलाही नाही.

घरी येऊन मसुदा पहिल्या ओळीपासून वाचून काढला. दोनदा. किती दिवसांनी सोडायची, ते त्यात कुठंच लिहिलेलं नाही.